निरोप कसा पोहोचवावा : कोकणातील गावांसाठी माध्यमनिवडीचे मार्गदर्शन

पावसाळी मासेमारी बंदी १ जूनपासून सुरू होते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक असते. तरीही मे महिन्याच्या शेवटी तिची सूचना द्यावीच लागते आणि ती कशी दिली यावर लोकांचा प्रतिसाद ठरतो. मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावरचे परिपत्रक वाचणारा नौकामालक तारीख, कलम आणि दंड पाहतो व आपली नौका त्या कलमात बसते की नाही याचा हिशेब करतो. तीच सूचना व्हॉट्सअॅपच्या गटावर आली की दहा-वीस अंगठे उमटतात आणि पुढच्याच मिनिटाला कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकतो. बंदरावर जाळी शिवत बसलेल्या मंडळींसमोर एखाद्या जुन्या तांडेलाने, म्हणजे नौकेच्या म्होरक्याने, तेच वाक्य उच्चारले, तर मोठी घेरजाळी वापरणाऱ्या नौकांविषयी लगेच प्रश्न येतो, “मग पर्ससीनवाल्यांचे काय?” वाक्य एकच असूनही फळ्याने हिशेब सुरू केला, फोनने केवळ पोच मिळवली आणि तोंडी बोलण्याने वाद उभा केला.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, सोसायटीचे पदाधिकारी, बचत गटाच्या अध्यक्षा, आशा सेविका, शाळेचे मुख्याध्यापक अशा, गावाला वरचेवर काहीतरी कळवावे लागणाऱ्या माणसांसाठी हा लेख आहे. बहुतेक ठिकाणी आधी मजकूर तयार होतो आणि मग तो सगळीकडे सारखाच पाठवला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. लोकांकडून नेमका कोणता प्रतिसाद हवा हे आधी ठरवावे, त्यावरून माध्यम निवडावे आणि त्या माध्यमाला शोभेल असा मजकूर शेवटी लिहावा. खालच्या पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : हवा असलेला प्रतिसाद एका वाक्यात लिहून काढा

“लेप्टोविषयी जनजागृती करणे” हा प्रतिसाद नव्हे, ते आपल्या कामाचे नाव झाले. “भातलावणीला जाणाऱ्या ज्याच्या पायाला जखम किंवा भेगा आहेत त्याने गमबूट घालावेत, आणि ताप आल्यास पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे” हा प्रतिसाद झाला, कारण तो घडला की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी जखमेवाटे शरीरात गेल्याने लेप्टो होतो. हे कळणे, पटणे आणि त्यानुसार वागणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कळण्यासाठी एक चित्रफलक पुरेसा होतो. पटण्यासाठी विश्वासातले माणूस लागते. वागण्यासाठी मात्र नांगरणी-लावणीच्या ऐन सकाळी, चिखलात पाय घालण्यापूर्वी, कोणीतरी आठवण करून द्यावी लागते.

याशिवाय संमती हा चौथा प्रकार आहे. रस्त्यासाठी जागा सोडणे, सामायिक सातबाऱ्यावर सही करणे, वाडीच्या नळयोजनेची पट्टी भरणे, अशा गोष्टी लोकांना कळल्या, पटल्या, तरी चारचौघांत ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. तेव्हा कागदावर एक वाक्य लिहावे आणि त्यासमोर कळणे, पटणे, कृती किंवा संमती यांपैकी एकच शब्द लिहावा. दोन शब्द लिहावेसे वाटले, तर बहुधा ते दोन वेगळे निरोप आहेत आणि ते वेगवेगळेच द्यावेत.

दुसरी पायरी : ऐकणारे कोण, कोठे आणि कोणत्या वेळी आहेत ते पाहा

कोकणातले गाव एका जागी वसलेले नसते. डोंगरउतारावर, खाडीच्या दोन्ही काठांना, माड-पोफळीच्या आड अशा दहा-बारा वाड्या मिळून एक महसुली गाव होते, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या छपरावरचा भोंगा शेवटच्या वाडीत ऐकू येतोच असे नाही. पावसात तर तो पलीकडच्या आळीतही पोहोचत नाही. रिक्षेवर कर्णा बांधून फिरवला तर रस्त्याकाठची घरे ऐकतात; पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून खाली असलेली घरे राहून जातात. गावाचा एक साधा नकाशा काढून प्रत्येक वाडीपुढे तेथे आवाज पोहोचतो का, मोबाईलला रेंज आहे का आणि निरोप घेऊन जाईल असे कोण आहे, एवढे लिहून ठेवल्यास पुढचे निम्मे काम सोपे होते.

वेळेचेही तसेच आहे. मच्छीमार वस्तीत दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चालतो. लिलावाच्या वेळी बंदरावर सर्वांत जास्त माणसे असतात, पण त्यांचे कान भावाकडे असतात. तेव्हा केलेली घोषणा कानांवर पडते आणि विरून जाते. लिलाव संपल्यावर, बर्फ भरून झाल्यावर आणि हिशेब सुरू होण्याआधी मिळणारा थोडा निवांतपणा त्याहून उपयोगी पडतो. बायकांसाठीची सूचना दुपारी दिली, तर मासळी विकायला गेलेल्या स्त्रियांना ती मिळत नाही आणि लावणीच्या दिवसांत शेतावर गेलेल्यांनाही मिळत नाही. रत्नागिरीच्या परिसरातल्या मोठ्या नौकांवर नेपाळ आणि कर्नाटक येथून आलेले खलाशीही काम करतात, आणि मराठी फलक त्यांच्यासाठी नसल्यात जमा आहे. त्यांच्यातल्याच एखाद्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेला अर्ध्या मिनिटाचा निरोप छापील पत्रकापेक्षा कितीतरी कामाचा ठरतो.

शिवाय अर्धे गाव मुंबईत असते. चाकरमान्यांना गटावरचे सगळे कळते आणि मते तर त्यांच्याकडे भरपूर असतात, पण पावसात पाखाडी साफ करायला ते येऊ शकत नाहीत. संमतीचा विषय असेल तर त्यांच्याशिवाय चालत नाही, आणि आजच्या आज करायच्या कामाचा विषय असेल तर त्यांचा गटातला कोलाहल गावातल्या माणसाला अडचणीचा होतो. म्हणून मुंबईकरांसह असलेला गट आणि फक्त गावात राहणाऱ्यांचा गट असे दोन गट वेगळे ठेवावेत, आणि दुसऱ्या गटावर निरोप टाकण्याची मुभा केवळ दोघा-तिघांना द्यावी.

तिसरी पायरी : लिखाण, आवाज आणि समक्ष भेट यांचे गुण नीट ओळखा

माध्यमाने श्रोत्याचे वागणे कसे बदलते यावर बराच शास्त्रीय अभ्यास झालेला आहे आणि त्यातल्या काही गोष्टी गावपातळीवर थेट वापरता येतात. शेली चायकेन आणि अॅलिस ईगली या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये एकच युक्तिवाद लिखित, ध्वनिमुद्रित आणि चित्रित अशा तीन रूपांत विद्यार्थ्यांपुढे ठेवला. युक्तिवाद समजायला अवघड होता तेव्हा लिखित रूप अधिक समजले आणि अधिक पटलेही. तो सोपा होता तेव्हा चित्रित रूपाने बाजी मारली. कारण उघड आहे. वाचणारा थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, न कळलेली ओळ पुन्हा पाहू शकतो, तर बोलणाऱ्याच्या ओघात ऐकणाऱ्याला ती सोय नसते. याच दोघींनी पुढे १९८३ मध्ये दाखवले की आवाजात आणि चित्रात सांगणारी व्यक्ती आवडती आहे की नावडती याचा परिणाम लिखाणापेक्षा जास्त होतो.

याचा गावातला अर्थ असा की, अनुदानाच्या अटी, विम्याची कागदपत्रे, घरकुलाच्या हप्त्यांचे टप्पे, मासळीच्या किमान आकाराची यादी असले गुंतागुंतीचे विषय लिहूनच द्यावेत, आणि ते भोंग्यावरून वाचून दाखवण्याचा सोपस्कार टाळावा. भोंग्यावरून एवढेच सांगावे की यादी लागली आहे, ती कोठे लागली आहे आणि किती तारखेपर्यंत पाहायची आहे. उलट “आज रात्री खाडीकाठची घरे सोडा” यात समजायला अवघड असे काही नाही. ते कागदावर देण्यात अर्थ नाही, तेथे माणसाचा आवाज लागतो. आणि गावात ज्याच्याविषयी दोन तट आहेत अशा माणसाने एखादा चांगला निर्णय कळवायचा असेल, तर त्याने चित्रफीत काढण्यापेक्षा सही-शिक्क्याचे पत्र लावणे शहाणपणाचे असते, कारण कागद वाचताना लोक मजकूर वाचतात आणि चित्रफीत पाहताना माणूस पाहतात.

लिखाणाचा मोठा दोष म्हणजे सूर हरवतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही वाक्ये उपरोधाने आणि काही गंभीरपणे ई-मेलवरून पाठवायला सांगितली होती. आपला सूर समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच कळला, म्हणजे नाणे उडवून जेवढे बरोबर येईल त्याच्या आसपास. तीच वाक्ये आवाजात ऐकवली तेव्हा मात्र बहुतेकांना सूर बरोबर कळला. कोकणी माणसाच्या बोलण्यात तिरकसपणा मुरलेला असतो आणि समोरासमोर तो गोडच लागतो. गटावर लिहिलेला तोच तिरकसपणा शिमग्यापर्यंत पुरणारे भांडण लावून देतो. कार्यकारिणीच्या सूचनांत विनोद नको, प्रश्नार्थक टोमणा नको आणि उद्गारचिन्हांची रांगही नको, हा नियम मी आग्रहाने सुचवीन.

समक्ष भेटीचे बळ कमी लेखले जाते, आणि ते बोलणाऱ्याकडूनच. एम. मेहदी रोघानिझाद आणि व्हॅनेसा बोन्स यांच्या २०१७ च्या अभ्यासात अनोळखी माणसांना एक छोटी प्रश्नावली भरून देण्याची विनंती काहींनी ई-मेलने आणि काहींनी समोर जाऊन केली. दोन्हींत साधारण सारखेच यश मिळेल असे विनंती करणाऱ्यांना आधी वाटत होते, पण समोर जाऊन केलेली विनंती ३४ पट प्रभावी ठरली. तो प्रयोग अनोळखी लोकांवर झाला होता, त्यामुळे ओळखीच्या गावात हाच आकडा येईल असे मानण्याचे कारण नाही. दिशा मात्र तीच राहते. दारात आलेल्या माणसाला ओसरीवर बसवून, पाणी देऊन मग ‘नाही’ म्हणणे जड जाते. श्रमदान, पट्टी, रक्तदान, लसीकरण यांसाठी गटावर दहा वेळा लिहिण्यापेक्षा वाडीतल्या प्रत्येक घरी एकदा जाणे अधिक फळते. संमतीच्या विषयात मात्र याच बळाचा दबाव होऊ शकतो, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

येथे एका लोकप्रिय गैरसमजाचाही निकाल लावायला हवा. प्रशिक्षण वर्गांत अजूनही सांगितले जाते की संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि हावभावांचा ५५ टक्के असतो. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मधले ते प्रयोग सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत उच्चारून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून केलेले होते, आणि बोलणाऱ्याच्या भावना कशा ओळखल्या जातात एवढ्यापुरतेच ते होते. वादळाची वेळ, निवाऱ्याचे ठिकाण किंवा अर्जाची शेवटची तारीख हावभावांतून कळत नाही. सूर महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या भरवशावर मजकूर ढिसाळ ठेवू नये.

चौथी पायरी : कोणाच्या तोंडून सांगायचे ते ठरवा

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईरी परगण्यात १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. वृत्तपत्रे आणि रेडिओ यांनी लोकांची मते सरळ बदलत नाहीत, तर बातम्यांवर लक्ष ठेवणारी काही माणसे असतात आणि बाकीचे त्यांच्या बोलण्यावरून मत बनवतात, असे त्यांना दिसून आले. आपल्याकडे हे सांगायला अभ्यासाची गरज पडली नसती. गावातला निर्णय कोणाच्या पडवीत होतो हे सगळ्यांना माहीत असते. तरीही निरोप देताना आपण त्या पडवीला वगळून थेट भोंग्याकडे जातो आणि मग प्रतिसाद आला नाही म्हणून कुरकुर करतो.

विषयागणिक हे माणूस बदलते. समुद्राबद्दल तांडेलाचे ऐकले जाते; समुद्र खवळण्याविषयी शिक्षकाने कितीही नीट सांगितले तरी बंदरावर त्याला हसूनच उत्तर मिळेल. बाळंतपण, लस, ताप यांबाबत आशाताईंचा शब्द चालतो. देवस्थानाच्या जागेचा किंवा पालखीच्या वाटेचा प्रश्न मानकऱ्यांना डावलून सुटत नाही. मुस्लिम मोहल्ल्यात जुम्याच्या नमाजानंतर जमातीच्या अध्यक्षांनी सांगितलेली गोष्ट त्याच दिवशी घरोघर पोहोचते. अशा व्यक्तींना सार्वजनिक सूचनेच्या एक दिवस आधी भेटून विषय समजावून द्यावा आणि त्यांच्या शंका तेथेच मिटवाव्यात. त्यांना गटावरून इतरांबरोबरच कळले, तर पहिला आक्षेप बहुधा त्यांचाच येतो, आणि तो त्यांच्या जागी योग्यही असतो.

पाचवी पायरी : संकटकाळासाठी किमान दोन स्वतंत्र मार्ग ठेवा

धोक्याच्या इशाऱ्याला मिळणारा प्रतिसाद इतर निरोपांपेक्षा वेगळा असतो. डेनिस मिलेटी यांच्यासारख्या अभ्यासकांनी आपत्तीच्या इशाऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास करून मांडलेली गोष्ट अशी की, इशारा ऐकल्याबरोबर माणसे पळत नाहीत. आधी शेजाऱ्याला विचारतात, दुसऱ्या मार्गाने खात्री करून घेतात, घरच्यांशी बोलतात आणि मग हलतात. ही खात्री करण्याची धडपड हट्ट किंवा अज्ञान नव्हे, तो मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळे इशारा देणाऱ्याचे काम ती धडपड थांबवण्याचे नसून तिला लागणारा वेळ कमी करण्याचे आहे. एकच मजकूर दोन वेगळ्या दिशांनी कानांवर आला, तर दुसरा निरोप पहिल्याची खात्री होतो. दोन्हींत वेळ किंवा जागा वेगळी असेल, तर मात्र लोक तिसऱ्या निरोपाची वाट पाहत बसतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि रायगड जिल्ह्यासह दापोली, मंडणगड भागात वीज व मोबाईल यंत्रणा कोलमडली. अनेक गावांत ती परत यायला बरेच दिवस लागले. वादळापूर्वी व्हॉट्सअॅपवर अवलंबून राहता आले. वादळानंतर मदत कोठे मिळेल, छपराचे पत्रे कोठे वाटले जाणार, पंचनामा कधी होणार हे सांगायला तो मार्ग उरला नव्हता. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले, आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण आणि महाड पुरात बुडाले. म्हणून संकटाच्या आराखड्यात वादळापूर्वीची माध्यमे आणि वादळानंतरची माध्यमे असे दोन वेगळे रकाने हवेत. दुसऱ्या रकान्यात विजेवर चालणारे काहीही गृहीत धरू नये. सेलवर चालणारा रेडिओ आणि त्यावर आकाशवाणी, बॅटरीचा हातकर्णा, देवळाची घंटा, ढोल, शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिलेली सूचना आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येणारा माणूस, एवढ्या गोष्टी त्यात पुरतात. “रोज सकाळी ९ वाजता शाळेपाशी माहिती मिळेल” हे वादळाआधीच सांगून ठेवल्यास, वादळानंतर लोक अफवा शोधत फिरत नाहीत.

मोबाईल मनोऱ्याच्या टप्प्यातील सर्व फोनवर एकाच वेळी मोठा आवाज करून झळकणारा शासकीय इशारा आता देशात उपलब्ध आहे. त्यासाठी नंबरांची यादी लागत नाही. पण तो आला की लोक ग्रामपंचायतीलाच फोन करतात, आणि तेथे कोणी उचलला नाही तर इशाऱ्याचे वजन निम्मे होते. समुद्रात असलेल्या नौकांशी मोबाईलने संपर्क होईल ही आशा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरापर्यंत खरी असते. त्यापुढे व्हीएचएफ हा बिनतारी संचच कामाचा, आणि त्याची वाहिनी क्रमांक १६ ही संकट व हाक यांसाठी राखलेली असल्याने तीवर गप्पा मारू नयेत, हे खलाशांना हंगामाच्या सुरुवातीलाच सांगावे. बंदरावरचा धोक्याचा बावटा हे जुने दृश्य माध्यम अजूनही परिणामकारक आहे. तीन नंबरचा बावटा लागला की तांडेलाला वाक्य वाचावे लागत नाही, आणि रात्री तेच काम दिवे करतात.

हवामान विभागाच्या रंगांचे मात्र स्पष्टीकरण करत राहावे लागते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. अतिवृष्टीची शेवटची पायरी २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस अशी असते, पण हा आकडा ऐकून कोणी गुरे सोडत नाही. आकड्याला गावातली खूण जोडावी लागते. खेडच्या जगबुडी नदीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर आहे. या आकड्यांसोबत, त्या वेळी पाणी कोणत्या घाटाला, कोणत्या दुकानाच्या पायरीला लागते हे सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपले घर येते. प्रत्येक नदीकाठच्या गावाने जुन्या पुरांच्या खुणांवरून अशी जोडणी करून ठेवावी.

सहावी पायरी : प्रत्येक माध्यमासाठी मजकूर वेगळा लिहा

समजा, दुसऱ्या दिवशी दुपारी वादळी वारे येणार आहेत आणि किनाऱ्यालगतच्या वाडीला शाळेत हलवायचे आहे. भोंग्यावरचा मजकूर असा असावा : “ऐका, खालच्या वाडीसाठी सूचना. उद्या सकाळी १० च्या आत सगळ्यांनी हायस्कूलमध्ये यायचे आहे. पुन्हा सांगतो, खालची वाडी, उद्या सकाळी १० च्या आत, हायस्कूल. म्हाताऱ्या माणसांसाठी टेम्पो सकाळी ८ वाजता देवळापाशी उभा राहील.” कोणासाठी आहे हे पहिल्या वाक्यात, कारण बाकीच्यांनी कान काढून घेतला तरी चालेल, वेळ आणि जागा दोनदा, कारण एकदा वाऱ्याने नक्कीच नेली असेल. “तमाम ग्रामस्थांना कळविण्यात येते की” या सुरुवातीतच ऐकणाऱ्याचे लक्ष उडते, ती भोंग्यावर वर्ज्य करावी. ही घोषणा गावच्या बोलीत केली तर आणखी चांगले, पण ज्याची ती बोली आहे त्यानेच ती करावी. उसनी मालवणी ऐकून लोक हसतात आणि विषय बाजूला राहतो.

गटावरच्या मजकुरात पहिल्या ओळीत तारीख आणि निरोप निघाल्याची वेळ टाकावी, नाहीतर मागच्या वर्षीचे वादळ यंदा पुन्हा येते. शेवटी निरोप पाठवणाऱ्याचे पद आणि खात्री करण्यासाठी फोन नंबर द्यावा. छायाचित्रातल्या मजकुरापेक्षा टाईप केलेला मजकूर बरा, कारण तो कमी रेंजमध्येही उघडतो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोन तो वाचून दाखवू शकतो. सोबत त्याच शब्दांचा आवाजी निरोप असावा, पण तो अर्ध्या मिनिटाहून लांब नसावा.

कागदी सूचनेत सोबत काय घ्यायचे याची यादी, गुरांची व्यवस्था, औषधे, कागदपत्रे, निवाऱ्यातल्या सोयी असा सगळा तपशील येऊ शकतो, आणि तो तेथेच यावा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लावलेला कागदच टिकतो, हे वेगळे सांगायला नको.

सातवी पायरी : संमती हवी असेल तेव्हा सभा, आणि सभेआधी सभा

ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ही महिला सभा अनेक ठिकाणी केवळ वहीत होते. वास्तविक पाणी, शौचालय, दारू, लाकूडफाटा यांसारख्या विषयांत खरा प्रतिसाद तेथेच मिळतो, कारण मोठ्या सभेत सासरे आणि दीर समोर बसलेले असताना सुना बोलत नाहीत. माध्यम म्हणून सभेचा हा दोष कायम लक्षात ठेवावा, की ती बोलणाऱ्यांचे मत मोठे करून दाखवते आणि गप्प बसणाऱ्यांचे झाकते.

सिंधुदुर्गात देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा एक जण मागणे मांडतो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सर्व जण एका सुरात “व्हय महाराजा” म्हणतात. सर्वांदेखत मोठ्याने दिलेला होकार माणसाला बांधून ठेवतो, आणि श्रमदानाचा दिवस ठरवताना या पद्धतीचा उपयोग होतो : “रविवारी सकाळी कोण कोण येणार?” असे विचारून हात वर करायला लावणे आणि नावे तेथेच फळ्यावर लिहिणे. पण एका सुरातला होकार म्हणजे प्रत्येकाचा निर्णय नसतो. जमीन, पैसा किंवा जुने वैर गुंतलेल्या विषयात सभेतला गजर ऐकून पुढे जाऊ नये. त्यासाठी घरोघर जावे, मसुदा लेखी द्यावा आणि विचाराला आठवडा तरी ठेवावा. मुंबईतल्या हिस्सेदारांशी असे बोलणे गणपतीत किंवा शिमग्यात होऊ शकते, कारण तेव्हा सगळे भाऊबंद एका घरात असतात. मात्र आगमन-विसर्जनाच्या धावपळीत नव्हे, तर मधल्या एखाद्या मोकळ्या दुपारी, आणि कागदपत्रे आठवडाभर आधी त्यांच्या हाती पडलेली असताना.

आठवी पायरी : दशावतार, नमन आणि भजनाचा उपयोग बेताने करा

दशावतारातले संवाद बव्हंशी उत्स्फूर्त असतात, त्यामुळे गावातला चालू विषय पात्राच्या तोंडी सहज घालता येतो, आणि नमन-खेळ्यातही तशी जागा असते. रूढी, व्यसन, कचरा अशा विषयांवर लोकांना स्वतःकडे हसून पाहायला लावण्याचे काम या कला जितके करतात तितके कोणतेही पत्रक करत नाही. पण हसून घरी गेलेला प्रेक्षक तारीख आणि कागदपत्रे विसरतो. म्हणून तपशिलाचा भार यांच्यावर टाकू नये, आणि कलाकारांना पाठ करायला भाषण तर देऊच नये. विषय सांगावा आणि बाकीचे त्यांच्यावर सोडावे.

नववी पायरी : प्रतिसाद मोजा, पोच मोजू नका

निळ्या खुणा, अंगठे, सभेची हजेरी ही पोच झाली. निरोप समजला की नाही हे कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे ऐकणाऱ्यालाच तो परत सांगायला लावणे. “कळले ना?” या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. “मावशी, ताप आला तर तुम्ही काय कराल?” असे विचारले की आशाताईंना लगेच समजते की आरोग्य केंद्राचे लक्षात राहिले आणि पहिल्या दिवसाचे राहिले नाही. निरोप गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या वाड्यांतल्या चार-पाच जणांना, त्यांत एक वृद्ध, एक शाळकरी मूल आणि एक बाहेरगावचा कामगार असावा, असे विचारून पाहावे. जेथे उत्तर चुकते तेथे माणसापेक्षा माध्यम तपासावे.

यासाठी एक साधी वही पुरते. तीत निरोप, तारीख, वापरलेले मार्ग, हवा असलेला प्रतिसाद आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे रकाने असावेत. वर्षभरात कोणती वाडी भोंग्याला हलते आणि कोणती दारात गेल्याशिवाय हलत नाही ते आपोआप दिसू लागते. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक वाडीतल्या निरोप पोहोचवणाऱ्या दोन माणसांची नावे आणि फोन नंबर शाईने लिहावेत. पावसाळ्याच्या तोंडावर ते फोन लागतात का हे पाहून घ्यावे आणि त्या पानाच्या प्रती शिपाई, पोलीस पाटील व सोसायटीचे सचिव यांच्या घरी ठेवाव्यात, कारण पाणी चढू लागते तेव्हा ग्रामपंचायतीच्या कपाटाची चावी नेमकी दुसऱ्याच वाडीत असते.